वाचक विचारतात : थर्मोपिलीचे वीर तीनशेच होते का?

प्रश्न : थर्मोपिलीच्या खिंडीत अवघ्या ३०० स्पार्टनांनी अफाट पर्शियन फौज रोखली, असे सांगितले जाते. हे कितपत खरे? आपल्या प्रतापगडच्या लढाईशी तिची तुलना करता येईल का?
— एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : स्पार्टाहून आलेले निवडक सैनिक ३०० होते, हे खरे, परंतु इ.स.पू. ४८० मध्ये राजा लिओनिडास याच्या नेतृत्वाखाली खिंडीत उतरलेले एकूण ग्रीक सैन्य सुमारे ७,००० होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने सम्राट झर्क्सिसचे लढाऊ बळ २६ लाखांवर नेले आहे. एवढ्या माणसांना आणि जनावरांना दाणापाणी पुरवणे अशक्य असल्याने आजचे बहुतेक अभ्यासक तो आकडा एक ते तीन लाखांपर्यंत खाली आणतात.

एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये, काही ठिकाणी तर जेमतेम एक गाडी जाईल एवढीच, वाट; त्यामुळे पर्शियनांचे घोडदळ निरुपयोगी ठरले आणि त्यांच्या आखूड भाल्यांना ग्रीकांच्या लांब भाल्यांपुढे व मोठ्या ढालींपुढे काही करता येईना. समुद्रमार्गे पिछाडी गाठली जाऊ नये म्हणून ग्रीक आरमार त्याच दिवसांत आर्टेमिसियमजवळ झुंजत होते, हेही विसरता कामा नये.

प्रतापगडशी तुलना करताना मुख्य फरक वाटांच्या माहितीचा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी जावळीच्या रानातील वाटा मावळ्यांना पाठ होत्या, आणि म्हणूनच पार गावाजवळच्या आदिलशाही छावणीवर त्यांना अचानक तुटून पडता आले. थर्मोपिलीत नेमके उलट घडले. एफिआल्टीस नावाच्या स्थानिक माणसाने डोंगरातील पाऊलवाट शत्रूला दाखवली, तिच्यावर पहाऱ्यास असलेले सुमारे १,००० फोकियन बाजूला हटले आणि तिसऱ्या दिवशी ग्रीक सैन्य दोन्हीकडून कोंडीत सापडण्याची वेळ आली.

तेव्हा बहुतेक तुकड्या माघारी गेल्या. स्पार्टनांबरोबर जे मागे राहिले, त्यांत थीब्जचे ४०० सैनिक होते, ज्यांनी अखेरीस शरणागती पत्करली, आणि थेस्पिया या छोट्या नगराचे ७०० सैनिकही होते. माझ्या मते या लढाईत सर्वाधिक अन्याय झाला आहे तो या थेस्पियनांवर. हिरोडोटसच्या सांगण्यानुसार त्यांनी स्वतःहून मागे राहण्याचे ठरवले आणि आपला नायक डेमोफिलस याच्यासह ते तिथेच लढून मेले. पुढे झर्क्सिसने त्यांचे नगरही जाळले. तरीही दुसऱ्या वर्षी, इ.स.पू. ४७९ मध्ये, प्लाटियाच्या निर्णायक लढाईसाठी उरलेले १,८०० थेस्पियन जड शस्त्रास्त्रांविना हजर झाले. थर्मोपिलीत लिओनिडासचे स्मारक १९५५ मध्ये उभे राहिले. थेस्पियनांच्या स्मारकाला मात्र १९९७ साल उजाडावे लागले.