गोव्यात खाजगी नोकरी शोधताना ‘प्रोफेशनल इमेज’साठी काय करावं? ब्लेझर, फोटो, लिंक्डइन यावर खर्च करावा का?

तुम्ही लिहिलंय की घर डिचोली तालुक्यात, 2023 ला बी.कॉम. झालात, त्यानंतर दोन वर्षं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब पाहिलेत. चाळीसेक अर्ज पाठवले आणि बोलावणं फक्त दोन ठिकाणांहून आलं. आता मित्र म्हणतात, ब्लेझर शिव, स्टुडिओत फोटो काढ, कोणाकडून तरी बायोडेटा डिझाइन करून घे. त्यासाठी सात-आठ हजार घालावेत का?

घालू नका. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत एचआरमध्ये आहे आणि अर्ज चाळणं हे माझं रोजचं काम आहे. अर्ज उघडणाऱ्याच्या मनात दोनतीनच शंका असतात. याला काम येतं का? हा रोज वेळेवर येईल का? चार महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना? या शंका जो फेडतो तो आम्हाला प्रोफेशनल वाटतो. ब्लेझरने यातली एकही शंका फिटत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो अंगावर ओझंच होतो. इस्त्रीचा साधा शर्ट, बंद बूट, पावसाळ्यात पिशवीत एक कोरडा शर्ट, एवढ्यात भागतं.

पहिली शंका सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते. तुमच्या बायोडेटात तुम्ही दुकानाबद्दल एकच ओळ लिहिली असणार: ‘दोन वर्षं अकाउंट्स सांभाळले’. या ओळीतून मला काहीच कळत नाही. पण हार्डवेअरच्या दुकानात हिशेब म्हणजे काय काय असतं ते मला माहीत आहे. खरेदीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालणं, पुरवठादाराने आपलं बिल जीएसटीच्या पोर्टलवर दाखवलंय का हे जीएसटीआर-2बी या खरेदीच्या यादीशी ताडून पाहणं, दर महिन्याच्या 11 तारखेआधी जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राचे आकडे सीएकडे पोचवणं, 20 तारखेच्या जीएसटीआर-3बी या कर भरण्याच्या विवरणपत्राची धावपळ, कंत्राटदारांकडची उधारी मागणं. यातलं जे तुम्ही खरोखर केलंत तेच लिहा, आकड्यांसकट. महिन्याला साधारण किती बिलं? किती लोकांची उधारी? कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नवीन मुलाला पहिल्या दिवशी जवळपास हेच काम देतात. ते तुम्हाला येतं, पण तुमच्या कागदावर ते दिसत नाही.

दुसरं म्हणजे, दुकानाच्या मालकांकडून अनुभवाचं पत्र घ्या. दुकानाच्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणतं काम केलं ते लिहून, सहीशिक्क्यानिशी. ओळखीतलं दुकान म्हणून मागायला संकोच वाटेल. तरी मागा. माझे बाबा खाणीवर मशीन चालवायचे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि घरी बसलेल्या शेकडो माणसांत तेही होते. बावीस वर्षांचं काम, आणि हातात कागद एकही नाही. जिथे जातील तिथे पहिला प्रश्न, ‘अनुभवाचा दाखला आहे का?’ ज्या कंत्राटदाराकडे ते होते त्याने तेव्हा फोन उचलणंच सोडून दिलं होतं. त्या वर्षी आमच्या घरात जे झालं त्यानंतर मी कोणालाही काम सोडताना कागद घेतल्याशिवाय उठू नका असंच सांगते.

तिसरी गोष्ट, जे येत नाही ते लिहू नका. 2013 च्या पावसाळ्यात मी स्वतः नोकरी शोधत होते. बायोडेटात ‘एमएस ऑफिस – उत्तम’ असं लिहिलं होतं, कारण सगळेच लिहीत होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला संगणकासमोर बसवलं, दोन याद्या दिल्या आणि एक्सेलमध्ये व्हीलुकअप हे सूत्र लावून जुळवायला सांगितल्या. मला ते येत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर मी सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. घरी येऊन आठवडाभरात ते शिकले. ते आठ दिवस आधी काढले असते तर ती नोकरी मिळाली असती असं मला आजही वाटतं. आज अकाउंट्सच्या जागेसाठी व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल विचारतातच. स्टुडिओच्या पैशांऐवजी महिनाभर रोज एक तास त्याला द्या.

आता आपल्या गोव्यातल्या दोन खास अडचणी. एक नावाची. ‘गावकर’ हे आडनाव एकाच माणसाच्या जन्मदाखल्यावर, गुणपत्रिकेवर आणि आधारवर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलं आहे. पीएफचा यूएएन म्हणजे कायमचा खातेक्रमांक काढताना नाव आधारशी जुळावं लागतं आणि नाही जुळलं तर रुजू होतानाच माणूस अडकतो. तुमचे कागद आजच शेजारी ठेवून पाहा आणि फरक असेल तर दुरुस्तीला लावा. गावांचंही तेच. आपण डिचोली म्हणतो, इंग्रजी कागदावर ते बिचोलिम असतं. साखळी तिथे सांकेलिम होते. नोकरीच्या पोर्टलवर उमेदवार शोधणारा माणूस बाहेरचा असेल तर त्याला ‘डिचोली’ सापडणार नाही. इंग्रजी बायोडेटात बिचोलिम, गोवा असंच लिहा.

दुसरी अडचण सरकारी नोकरीची. मुलाखतीत तुम्हाला हमखास विचारतील, ‘सरकारी फॉर्म भरलाय का?’ शिकवून, तयार करून माणूस गेला की काय होतं ते आम्ही सगळ्यांनी भोगलंय. बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणतात, आणि समोरच्याला ते खोटं आहे हे कळतं, कारण घरोघरी कोणी ना कोणी कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देतच असतं. सरळ सांगा: ‘हो, भरलाय. निकाल लागेपर्यंत थांबून राहणं मला परवडणारं नाही, मला हे काम शिकायचं आहे, आणि कधी जावं लागलंच तर नोटिशीचा काळ पुरा करून, काम समजावून देऊनच जाईन.’ असं उत्तर देणाऱ्या तिघांना मी गेल्या काही वर्षांत घेतलं. दोघं अजून आमच्याकडे आहेत.

इंग्रजीची भीती तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी, माझंही तसंच झालं. वेर्ण्याला मुलाखत इंग्रजीत सुरू होते, पण घेणारा गोंयकार असेल तर पाच मिनिटांत कोंकणीवर येते. स्वतःची ओळख आणि दुकानातलं काम एवढं इंग्रजीत मोठ्याने, वीस-पंचवीस वेळा, घरात कोणाला तरी ऐकवा. मध्येच अडखळलात तर ‘कोंकणीत सांगू का?’ विचारा. त्यासाठी मी आजवर कोणाला नाकारलेलं नाही.

लिंक्डइनवर खातं असू द्या, दुकानातल्या कामाच्या त्याच चार ओळी तिथेही घाला. फोटो मोबाइलवर, पांढऱ्या भिंतीसमोर, दिवसा उजेडात. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफमध्ये, चौकटी-रकाने न घालता, कारण काही कंपन्यांत तो आधी संगणक वाचतो आणि रकान्यांत गोंधळतो. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा धंदा यांची गरज नाही. आणि 0832 ने सुरू होणारा फोन आला तर उचला. आम्ही पुष्कळदा लँडलाइनवरूनच करतो. घरी रेंज जात असेल तर दुसरा एक नंबर लिहा. नोकरीसाठी कोणी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा; 2024 मध्ये सरकारी नोकरीच्या नावाखाली लोकांचे किती पैसे बुडाले ते तुम्ही वाचलंच असेल.

राहिला वेळेचा प्रश्न. डिचोलीहून वेर्ण्याला यायचं म्हणजे पणजीला बस बदलावी लागते, आणि ‘तुम्ही येणार कसे?’ हे आम्ही विचारतोच. मुलाखतीच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी तो प्रवास खरोखर करून पाहा. पहिली बस किती वाजता सुटते, पणजीत किती वेळ मोडतो, गेटवर किती वाजता पोचता, कंपनीची बस कुठपर्यंत येते, हे लिहून आणा. मी विचारल्यावर जो मुलगा ‘बघीन, होईल’ न म्हणता मला वेळा सांगतो, त्याच्या नावापुढे मी तिथल्या तिथे खूण करते.