ओळ थोरली, जागा वेशीबाहेर

बारा बलुतेदार नेमके कोण? आजोबांची यादी पुस्तकाशी जुळत नाही.

जुळणारही नाही. बलुतेदार म्हणजे गावाची ठरलेली कामं करून सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, घेणारे. देशावर गावागणिक यादी बदलते. सोनार कुठे बलुत्यात धरतात, कुठे अलुत्यात, म्हणजे दुय्यम हक्कदारांत. एक जुनी मांडणी अशी: थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग; मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी; धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. मुलाणी मुसलमान, पण बलुत्याचा हक्कदार.

महार थोरल्या ओळीत होते, मग अस्पृश्य कसे?

कारण ओळ ठरे ती सुगीला खळ्यावर कुणाच्या पदरात किती माप पडतं त्यावर. मान त्या मापानं मिळत नसे. भट धाकट्या ओळीतला, पण देवापुढे पहिला. महारानं शीव राखायची, सरकारी सारा पोहोचवायचा, हद्दीच्या तंट्यात शिवेची खूण दाखवायची. राहायचं मात्र वेशीबाहेर. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामात दबून गेले, ते साल १३३८ मानतात. ज्या कुसाच्या आत राहण्याची त्यांच्या जातीला मुभा नव्हती, तेच कूस ते बांधत होते. पंढरपुरात त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. ‘गावगाडा सगळे मिळून ओढायचे’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला म्हणूनच राहवत नाही. ओढायचे सगळे, हे खरं. पण जू कुणाच्या मानेवर होतं आणि गाडीत कोण बसलं होतं, तेही त्याच दमात सांगायला हवं.

घरातल्या जुन्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, नावांपुढे नांगर, वाकस अशी चित्रं आहेत. ती कशाची?

त्या निशाण्या, म्हणजे सह्याच. नांगर पाटलाचा, वाकस हे लाकूड तासायचं हत्यार सुताराचं. वतनाचा, म्हणजे पिढीजात हक्काचा, तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, आला की बलुतेदारही साक्षीला बसत. महार-मांगांच्या निशाण्याही अशा कागदांवर सापडतात. कृपा करून कागद लॅमिनेट करू नका, तो कायमचा बिघडतो. फोटो काढा आणि सुती कापडात ठेवा.

महार वतन कधी संपलं? आमची जमीन त्यातली होती का, कसं कळेल?

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ते बंद केलं. मुंबई इलाख्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणलं, पण वतन रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. इतकी वर्षं तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात घरंच्या घरं रात्रंदिवस सरकारी हुकमाला बांधलेली होती. तलाठ्याकडे जुने फेरफार काढा. ‘इनाम वर्ग ६ ब’ अशी नोंद दिसली, तर जमीन महार वतनाची असू शकते; पण रामोश्यांची वतनंही याच वर्गात येत, म्हणून नोंदीत कुणाचं वतन लिहिलंय तेही पाहा.