मंडळाच्या लेक पिकनिकला लाइफ जॅकेटसाठी सरकारी ग्रँट मिळते का?

म्हणजे तुमचं मराठी मंडळ अमेरिकेत लेकवर पिकनिक काढतंय, कयाक आणि पाँटून (सपाट, रुंद बोट) भाड्याने घेणार, आणि जॅकेटं विकत घ्यायला बोटिंग सेफ्टीची ग्रँट हवीये. सरळ सांगते, मंडळाला थेट नाही मिळत. आम्ही मिशिगनवाल्यांनी ह्यात दोन शनिवार घालवलेत.

पैसा आहे हो, पण तो वेगळ्या वाटेने जातो. बोटीत भरलेल्या पेट्रोलवरचा आणि मासेमारीच्या सामानावरचा टॅक्स एका फेडरल ट्रस्ट फंडात जमा होतो (लॉनमोवरच्या पेट्रोलचा पण, म्हणजे घरी गवत कापणारे आपण सगळेच त्यात आहोत!). त्यातला सेफ्टीचा वाटा कोस्ट गार्ड राज्यांना वाटून देतं, एक तृतीयांश सगळ्यांना सारखा, एक तृतीयांश रजिस्टर्ड बोटी किती त्यावर, आणि उरलेला राज्याने आदल्या वर्षी स्वतः किती खर्च केला त्यावर, शिवाय निम्मा खर्च राज्याने उचलायचा. संस्थांसाठी जास्तीत जास्त ५ टक्के असतात, पण देशभर काम करणाऱ्या नॉन-प्रॉफिटना. आपलं मंडळ ५०१-सी-३ (टॅक्समाफी असलेली धर्मादाय संस्था) असलं तरी त्यात बसत नाही.

पण त्याच पैशातून काही संस्था लाइफ जॅकेट लोनर स्टेशन चालवतात, ते शोधा. आमच्या लेकच्या बोट रॅम्पजवळ एक लाकडी स्टँड आहे, खुंट्यांवर साइझप्रमाणे जॅकेटं लटकवलेली, घ्या, वापरा, संध्याकाळी परत अडकवा, ना डिपॉझिट ना सही. फक्त सकाळी लवकर जा, लहान मुलांचे साइझ आधी संपतात. लेबलवरचं वजन बघा, चाइल्ड म्हणजे ३० ते ५० पाउंड, यूथ ५० ते ९०. घातल्यावर पोराचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढा, हनुवटीच्या वर कानापर्यंत सरकलं तर मोठं होतंय, बदला. भाड्याने बोट देणाऱ्यालाही बुकिंग करतानाच मुलांची वजनं सांगून टाका.

आणि मोठ्यांनाही घालायला लावा. कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकड्यांत अमेरिकेत हौशी बोटिंगच्या अपघातांत ५६४ जण गेले, मृत्यूचं कारण माहीत असलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून, आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद होती त्यातल्या ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. आमच्याकडे एक काका "अगं मी गावच्या विहिरीत सूर मारायचो" म्हणत अडून बसले होते, शेवटी काकूंनी पोह्यांचा डबा मांडीखाली घेतला आणि म्हणाल्या, जॅकेट घाला मग देते. घातलं. वर दिवसभर "ह्याला माशांचा वास येतोय" म्हणून कुरकुर, आणि फेसबुकवर प्रोफाइल फोटो मात्र अजून तोच आहे, केशरी जॅकेटातला.