अक्षौहिणी : आकडा अडनिडा नाही

विचारणा अशी होती : अक्षौहिणी म्हणजे नुसतं ‘अफाट सैन्य’, की ठरावीक संख्या? ठरावीक असेल तर २,१८,७०० असा अडनिडा आकडा कशासाठी?

ठरावीकच. हाच प्रश्न महाभारताच्या आदिपर्वात ऋषींनी कथा सांगणाऱ्या सूताला विचारला आहे, आणि त्याने पायरीपायरीने हिशेब दिला आहे. सगळ्यांत लहान तुकडी पत्ती : एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. एकूण दहा. तीन पत्तींचं एक सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म. मग तिपटीतिपटीनेच गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. पत्तीपासून अनीकिनीपर्यंत सात वेळा तिप्पट झाली, म्हणजे २,१८७ पत्ती. अशा दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी.

आता आकडा उलगडून पाहा : १० × ३⁷ × १०. आधीचा दहा पत्तीतला, शेवटचा दहा अनीकिनींचा, आणि मधे निव्वळ तीनचा सातवा घात. तीनच्या पायावर संख्या लिहिल्या तर २,१८७ म्हणजे एकावर सात शून्यं! दशमान पद्धतीत लिहिल्यामुळेच तो आपल्याला अडनिडा वाटतो. मला ही रचना फार सुंदर वाटते.

यातून वापरातली एक चूकही दिसते. ‘अक्षौहिणी म्हणजे २,१८,७०० सैनिक’ असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ मिळून तो आकडा होतो. पायदळ बरोबर निम्मं, कारण पत्तीतच दहात पाच.

या प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज १८ येते, आणि कुरुक्षेत्रावर अक्षौहिणीही अठराच : पांडवांच्या सात, कौरवांच्या अकरा. यात गूढ शोधणारे बरेच भेटतात. पण ३⁷ मुळे हे सगळे आकडे नऊने भागले जातात. अशा संख्येच्या अंकांची बेरीज ९, १८, २७ अशीच येणार. त्या बेरजेवरून अठरा अक्षौहिणींचा अर्थ लावू नये.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर ‘अक्षोहिणी’ नव्हे. अक्ष + ऊहिनी या संधीत नेहमीच्या नियमाने ‘ओ’ यायला हवा, पण पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरच्या वार्तिकांत, म्हणजे पुरवणी नियमांत, या एका शब्दासाठी खास सोय आहे : ‘अक्षादूहिन्यामुपसंख्यानम्’. म्हणून ‘औ’.

आणि जाता जाता, अकरा खेळाडूंच्या संघाला आपण ‘चमू’ म्हणतो ना? हिशेबाने एका चमूत ७२९ पत्ती, म्हणजे नुसते हत्तीच ७२९. संस्कृतात हा शब्द स्त्रीलिंगी. मराठीत तो पुल्लिंगी झाला : ‘तो चमू’.