साध्या उपाहारगृहाची पारख

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही उभयता साताऱ्याहून मुंबईत आलो असून दादरला राहतो. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या साध्या, खिशाला परवडणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन खाऊन पाहावे, अशी आमची इच्छा आहे. मात्र मोबाइलवर जवळपास प्रत्येक ठिकाणाला चारपेक्षा अधिक तारे असतात आणि प्रत्यक्ष अनुभव निरनिराळा येतो. जुलैमध्ये एका नावाजलेल्या मालवणी खानावळीत घेतलेले पापलेट अगदीच बेचव निघाले. जागा निवडावी तरी कशी?

उत्तर : सकाळी आठला वाफाळत आलेली इडली आणि दुपारी चारला समोर आलेली इडली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताऱ्यांच्या सरासरीत त्या एकच होऊन बसतात. साध्या उपाहारगृहाचे स्वयंपाकघर लहान असते, साठवणीला जागा कमी असते, त्यामुळे ज्या पदार्थाचा खप सर्वाधिक असतो तोच तिथे सर्वांत ताजा मिळतो. म्हणून कुठे जावे यापेक्षा केव्हा जावे आणि काय मागवावे, हे आधी ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात माटुंग्यापासून करा. मध्य रेल्वेने ते आपल्यापासून एकाच स्थानकावर आहे. किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास १९४० पासून चालू आहे. तिथे सकाळीच जावे, रसम वडा किंवा डोसा मागवावा आणि शक्य असेल तर रविवार टाळून सुट्टीचा एखादा दुसरा दिवस निवडावा, कारण रविवारी नाव सांगून बाहेर बराच वेळ थांबावे लागते. अशा ठिकाणी तवा दिसत असेल तर अवश्य पाहावा. पाणी शिंपडताच चर्र आवाज व्हावा, तवा खराट्याने पुसला जावा आणि लगेच त्यावर पुढचे पीठ पडावे; हा क्रम न थांबता चालू असेल, तर डोसा कुरकुरीतच येणार. तवा रिकामा असताना मागवलेल्या डोशात ती गोडी क्वचितच असते. जेवणाच्या वेळेसाठी माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, जिथे आजही केळीच्या पानावर जेवता येते. टेबलावर अनोळखी माणसासमोर बसण्याची तयारी ठेवावी आणि जेवण झाल्यावर जागा अडवून बसू नये, कारण मागे उभा असलेला माणूसही भुकेलाच असतो.

दादरमध्येच प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष, किंवा आस्वादची मिसळ आणि थालीपीठ चाखून पाहावे. जे ठिकाण ज्या पदार्थासाठी ओळखले जाते, तोच पदार्थ पहिल्या भेटीत मागवावा. मराठी फराळाच्या ठिकाणी जाऊन नूडल्स मागवणे आणि मग नाराज होणे हा त्या स्वयंपाकघरावर अन्याय आहे.

आता आपल्या पापलेटाविषयी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे जुलैत ताटात येणारे पापलेट बहुधा शीतगृहातले किंवा लांबून बर्फात आलेले असते, आणि त्याचा दोष एकट्या आचाऱ्याला देता येत नाही. या दोन महिन्यांत मालवणी खानावळीत सुके बोंबील, जवळा, सुकट किंवा चिंबोऱ्या मागवाव्यात. कोकणातली घरेही पावसाळ्यात असेच जेवतात. एरवीसुद्धा फलकावरची नावे वाचून मासा ठरवण्याऐवजी ‘आज ताजं काय आलंय?’ असे वाढप्याला सरळ विचारावे. चांगल्या खानावळीतला वाढपी ‘आज सुरमई नको, बांगडा घ्या’ असे मोकळेपणाने सांगतो, आणि असे सांगणाऱ्या जागी मी पुन्हा पुन्हा जातो.

पहिल्यांदाच जात असाल तर थाळीच्या आधी सोलकढी मागवून पाहा. ताज्या नारळाच्या रसाची आणि आमसुलांची सोलकढी फिकट गुलाबी असते, तिला लसणाचा आणि हिरव्या मिरचीचा वास येतो आणि घशाखाली उतरल्यावर मागे किंचित झणका राहतो. रंग भडक असेल आणि चव नुसतीच आंबट-खारट असेल, तर नारळात हात आखडला आहे असे समजावे. जिथे नारळात काटकसर होते, तिथे कालवणातही ती होतेच.

स्वच्छतेच्या बाबतीत अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का, हे पाहावे. मात्र तेवढ्यावर विसंबू नये. हात धुण्याची जागा आणि पाण्याचे पेले पाहिले की बरेच कळते. मनाला पटले नाही, तर चहा घेऊन उठावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. आणि एखादी जागा पहिल्या खेपेला साधारण वाटली, पण स्वच्छ आणि गजबजलेली असली, तर दुसऱ्या खेपेला वेळ बदलून जावे व शेजारच्या टेबलावरचे नेहमीचे गिऱ्हाईक काय खाते ते पाहून तेच मागवावे.