वही लिही रे बाबा

बेटा, जय ख्रिस्त.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला, मग पोळ्या करता करता परत वाचला. मंडळीची खजिनदारकी सोडतो म्हणतोस. का, तर नाताळच्या कलेक्शनचा हिशोब मागितला तर कमिटीतले मोठे लोक म्हणाले, देवाच्या पैशात कसला हिशोब, विश्वास नाही का आमच्यावर, आणि वर उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये हे वचनही ऐकवलं. अरे ते वचन दान देणाऱ्याला आहे, दवंडी पिटू नको म्हणून. दानाची पेटी सांभाळणाऱ्यासाठी बायबलात लूक 16 आहे, तिथे धनी कारभाऱ्याला बोलावून सरळ म्हणतो, कारभाराचा हिशेब दे. आपण प्रार्थनेत उठता बसता कारभारीपण कारभारीपण करतो ना, मग हिशोब आला की तोंडं का वाकडी होतात?

तर वही लिही. सोडायचं नंतर बघू.

दोनशे पानी लांबडी वही घे, डावीकडे आले, उजवीकडे गेले. पेटी उघडायची ती उपासना सुटल्यावर तिथेच, घरी नेऊन नाही, आणि दोघांनी, एक मोजणार एक लिहिणार. फोनपेवर आलेले वेगळे लिही. चिल्लरसुद्धा लिही, बायबलातल्या त्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकली तेव्हा प्रभू पेटीसमोर बसून बघत होता, आणि आपण आजीबाईची दहाची नोट 'किरकोळ'मधे ढकलतो. ट्रस्टला 80जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळायची मान्यता, असेल तर पावती मागणाऱ्याला आधीच सांग की 2000 च्या वर रोख दिले तर सूट मिळत नाही, नंतर भांडणं नकोत. महिन्याच्या शेवटी आकडे उभं राहून वाचायचे. ज्यांना मदत दिली त्यांची नावं नाही वाचायची, तेवढं झाकून ठेव. फोटो तर अजिबात नको.

आणि परत कोणी विश्वास काढला तर बायबलातलं 2 करिंथ 8 उघडून दे. प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली ना, ती एकट्याने नाही नेली, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून. पौलावर नव्हता का कोणाचा विश्वास?

वही नसली की काय होतं ते मला विचार. एका डिसेंबरात आम्ही महिला मंडळाच्या बाया 40 ब्लँकेटं घेऊन नवापूरकडच्या एका पाड्यावर गेलो. निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला गुजरातमधे जातात हे आम्हाला, इथेच जन्म गेलेल्या बायांना, माहीत नव्हतं का? होतं की. पण आदल्या वर्षीही असंच झालं होतं आणि ते कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मग जे म्हातारे घरी होते त्यांनाच दोन दोन दिली, फोटो काढले, चहा पिऊन परत आलो. आमच्याच मंडळीतली एक विधवा बाई त्या थंडीत फाटक्या गोधडीत झोपत होती, ते कळलं फेब्रुवारीत.

ती गोष्ट मी सगळ्यांना सांगते. दुसरी सांगत नाही.

मी खजिनदार असताना एकदा 1200 रुपये कमी भरले. माझ्यासोबत मोजायला तुझ्याच वयाचा एक मुलगा असायचा. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण 'पैसा ग्यात कोठे' एवढं आवारात कुजबुजलं की पुरतं. तो यायचा बंद झाला, मग सुरतला गेला. तीन वर्षांनी हार्मोनियमची खोळ धुवायला काढली तर आत घडी केलेली चिठ्ठी, माझ्याच अक्षरात. जीपभाडं चिंचपाडा 1200. रात्री एका अडलेल्या बाईला तिथल्या ख्रिश्चन हॉस्पिटलला न्यायला मीच काढून दिले होते, सकाळी लिहू म्हटलं आणि साफ विसरले. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पोरं लहान, मला खरंच आठवत नव्हतं रे, आणि ते पैसे काही वाईट कामाला गेले नाहीत, ती बाई वाचली, बाळ वाचलं. पण पेटी उघडताना मीही सोबत होते, एवढं तरी तेव्हा म्हणता आलं असतं. चिठ्ठी पाळकसाहेबांना दाखवली तर म्हणाले झालं गेलं जाऊ द्या ताई, आणि मी जाऊ दिलं. त्याच्या आईकडे गेले तेव्हा आणखी एक वर्ष उलटलं होतं. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि आता सांगून काय म्हणाली.

म्हणून तुझ्या 'सोडतो'चा मला राग येतो. तू सोडलंस की पेटी परत त्याच कपाटात आणि किल्ली त्याच खिशात. आणि उद्या काही कमी भरलं तर नाव तुझंच निघेल, कारण तू गेलास. लिहिलेलं असलं तर निदान दाखवायला काही असेल. रागावलास तरी चालेल, वही लिही.

रविवारी उपासनेनंतर थांब. वही मी आणते, रेघा मारून ठेवल्यात. जुन्या कलेक्शनच्या ज्या काय चिठ्ठ्या पावत्या तुझ्याकडे असतील त्या पिशवीत घालून आण, चुरगळलेल्या पण.

तुझी मावशी