श्रूजबरीला राहायला येताय? बिस्किटापलीकडचं गाव

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांना इंग्लंडातल्या श्रूजबरीच्या इस्पितळात नोकरी लागली आहे, जानेवारीत सात वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही येताय, मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी यायचे आहेत. आणि तुम्ही विचारलंय, "गावात बघण्यासारखं, करण्यासारखं काही आहे का, की दर शनिवारी बर्मिंगहॅम गाठायचं?" मला इथे अकरा वर्षं झाली. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सासूबाई पुण्याच्या आहेत म्हणालात, म्हणून आधी बिस्किटाचं उरकून टाकतो. कॅम्पातल्या कयानी बेकरीपुढे रांग लावून आपण जी श्रूजबरी बिस्किटं घेतो, त्यांचं नाव याच गावाचं. पण तशी बिस्किटं इथे शोधू नका, हिरमोड होईल. कॅसल स्ट्रीटजवळ एक पाटी आहे: १७६० मध्ये या जागी पेलिन नावाच्या गृहस्थांनी मूळ कृतीनं श्रूजबरी केक बनवले. जुन्या कृतींमध्ये गुलाबपाणी, जायफळ वगैरे असायचं. कयानीच्या लोणीदार प्रकाराशी त्याचं नातं नावापुरतंच. मी दर सुटीत दोन किलो कयानी आणतो आणि ऑफिसात वाटतो. श्रूजबरीकर मिटक्या मारत खातात आणि "हे कुठलं?" म्हणून मलाच विचारतात.

गावाच्या नावाचा उच्चार 'श्रूजबरी' की 'श्रोजबरी', यावर इथलेच लोक भांडतात. तुम्ही काहीही म्हणा, समोरचा दुरुस्त करेलच.

आता गाव. सेव्हर्न नदीनं घोड्याच्या नालासारखा वळसा घातलाय आणि जुनं गाव त्या नालाच्या आत, टेकाडावर आहे. पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज. ही नावं नुसती शोभेची नाहीत, वेल्सची हद्द खरोखर जवळ आहे. आतलं गाव पायी फिरायचं. एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूला निघायला वीस मिनिटं पुरतात, पण गल्ल्यांत अडकलात तर दुपार जाते. दोन रस्त्यांना आतून जोडणाऱ्या बोळांना इथे 'शट' म्हणतात. सत्तर पायऱ्यांचा शट, गलेट पॅसेज, बेअर स्टेप्स, अशी त्यांची नावं. काही इतके अरुंद की वरच्या मजल्यावरची समोरासमोरची लाकडी घरं एकमेकांच्या कानाला लागलेली दिसतात. पुण्यातल्या पेठांचे बोळ पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं: नकाशा खिशात ठेवा, उतार दिसला की समजा नदीकडे चाललोय. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मात्र वाइल कॉप हा रस्ता खालून वर चढवू नका. बसनं वर जा आणि चालत खाली उतरा.

चौकात ओल्ड मार्केट हॉल आहे, १५९६ चा. खाली कमानी, वर खोली. एके काळी इथे लोकरीचा आणि कापडाचा बाजार भरे, आता वर छोटं सिनेमागृह आणि कॅफे आहे. कमानींच्या उत्तर टोकाच्या खांबापाशी जाऊन बघा. दगडात बोटभर भोकांच्या ओळी आहेत. किती लोकर विकली गेली त्याचा हिशेब या भोकांवर ठेवत, असं सांगतात. लेकीला बोट घालून बघू द्या. माझ्या मुलाला या गावातलं सगळ्यांत आधी आवडलेलं ठिकाण तेच.

आणि त्याच चौकात, उंच चौथऱ्यावर, रॉबर्ट क्लाइव्ह उभा आहे. इथे जरा थांबतो.

हा पुतळा १८६० चा. क्लाइव्ह याच परगण्यातला, मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला. १७६१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७७४ पर्यंत, श्रूजबरीचा खासदार आणि १७६२ मध्ये इथला महापौर. शाळेत आपण त्याला प्लासीपुरता ओळखतो. मी देवगड तालुक्यातला, त्यामुळे माझ्या लेखी त्याची ओळख वेगळी आहे. प्लासीच्या सोळा महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हा गृहस्थ विजयदुर्गाखाली होता. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनची जहाजं तोफा डागत होती आणि जमिनीवरच्या पलटणी क्लाइव्हच्या हाताखाली होत्या. तुळाजी आंग्र्यांचं आरमार, ती सगळी गुराबं आणि गलबतं, काही तासांत बंदरातच जळून गेलं. याहून वाईट गोष्ट म्हणजे इंग्रजांना मदतीला बोलावलं होतं नानासाहेब पेशव्यांनीच. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, आणि विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला तोही बाणकोटच्या बदल्यात. इंग्रजी कागदांत या किल्ल्याला 'घेरिया' म्हणतात. ते नाव किल्ल्याशेजारच्या आमच्या गिर्ये गावावरून पडलं.

बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी त्यांना चौकात नेलं. पाऊस भुरभुरत होता, क्लाइव्हच्या डोक्यावर कबुतर बसलं होतं. बाबांनी टोपी सारखी केली, बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "ह्योच तो? आमच्या गिर्याक इल्लो तो?" मग शेजारच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याला, मला दुभाषा करून, त्यांनी अख्खी लढाई सांगितली. आंग्रे कोण, पेशवे कोण, रामेश्वराचं देऊळ कुठे, आरमार कसं जळलं. त्या जोडप्याचा सारा जन्म श्रूजबरीत गेला होता, पण यातलं एक अक्षर त्यांनी ऐकलं नव्हतं. २०२० मध्ये पुतळा काढावा म्हणून हजारो सह्या झाल्या, तेव्हा काउन्सिलनं तो जागेवर ठेवून माहितीफलक लावायचं ठरवलं. मला विचाराल तर असू दे. तो नसता तर बाबा कुणाकडे बोट दाखवून बोलले असते?

सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर एक दिवस वेल्शपूलला काढा. श्रूजबरीहून ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटं आणि पुढे बागेतून पायी, तिथे पॉविस कॅसल आहे. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या घराण्यात झालं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हा मुलगा मद्रासचा गव्हर्नर होता. टिपूचा छापील सुती कापडाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं व्याघ्रमुख तिथे आहे. तंबूची नक्षी अजून ताजी वाटते. बघून छान वाटेल की वाईट, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परतीच्या ट्रेनमध्ये गप्प होतो.

सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत हे वाचून तर मला स्टेशनबद्दल लिहायचा मोह आवरेना. श्रूजबरी स्टेशनचे फलाट थोडे नदीवरच्या पुलावर आलेत. फलाटाच्या टोकाला गेलं की रुळांच्या बेचक्यात विटांची भलीमोठी केबिन दिसते. ती सेव्हर्न ब्रिज जंक्शनची, १९०३ ची, १८० लिव्हरची. जगात अजून चालू असलेली ही सर्वांत मोठी यांत्रिक सिग्नल केबिन. सिग्नलचा हात खाली पडताना अजून दिसतो. त्यांना खुर्चीची गरज लागेल, कारण ते दोन तास हलणार नाहीत. तिकीट तपासनिसाला आधी सांगून ठेवा, बहुतेक वेळा आत सोडतात.

दुसरी जागा डिथरिंग्टनची फ्लॅक्समिल, जवसाच्या देठातल्या धाग्याची सूतगिरणी. १७९७ मध्ये पुरी झालेली ही जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. हे कौतुकासाठी नव्हे, भीतीपोटी केलेलं काम होतं. या धाग्याची धूळ पेट घेई आणि लाकडी गिरण्या पटापट जळत. चार्ल्स बेजनं बिडाचे खांब, बिडाच्या तुळया आणि विटांच्या कमानी वापरून जळण्याजोगं लाकूडच काढून टाकलं. उंच इमारतींची सगळी पोरं-नातवंडं या पाच मजल्यांपासून निघाली. आपली काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत त्यांतलीच एक, ती सत्तरएक वर्षांनी आली. पुढे फ्लॅक्समिलमध्ये बार्लीचे मोड काढायचा कारखाना झाला, तो १९८७ मध्ये बंद पडला. मग इमारत बरीच वर्षं पडून होती आणि २०२२ मध्ये लोकांसाठी उघडली. खांब जवळून बघा, मधे किंचित फुगलेले आहेत.

बाकीचं भरभर सांगतो. किल्ला लाल दगडाचा, आत सैनिकांचं संग्रहालय, बाग छान. ॲबी, म्हणजे ख्रिस्ती भिक्षूंचा मठ, १०८३ ची. टेलफर्ड या अभियंत्यानं तिच्या आवारातून रस्ता काढला, त्यामुळे भिक्षूंच्या भोजनगृहातलं व्यासपीठ रस्त्यापलीकडे एकटंच पडलंय, गाडी लावायला गेलात की दिसेल. याच टेलफर्डला जुन्या सेंट चॅड चर्चचं गळकं छप्पर बघायला बोलावलं होतं. तो म्हणाला, छप्पर राहू द्या, भिंतीच पडायला आल्यात. विश्वस्तांनी त्याची टर उडवली, आणि १७८८ मध्ये चर्च खरंच कोसळलं. आपल्याकडच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा आठवतात. आताचं गोल चर्च त्यानंतरचं, १७९२ चं. त्याच्यासमोरच क्वॉरी हे मोठं मैदान-बाग आहे आणि तिच्या पोटात डिंगल नावाचा फुलांचा खोलगट बगिचा. उन्हाळ्यात सासूबाईंची रोजची जागा तीच होणार, लिहून ठेवा.

आता राहण्याचं. पहिल्या आठवड्यात कॅसल गेट्सच्या लायब्ररीत जा, कार्ड फुकट मिळतं. ही इमारत म्हणजे डार्विनची शाळा. तो या गावचाच, १८०९ चा जन्म. ही शाळा आपल्या बुद्धीला फारच मारक ठरली असं त्यानं लिहून ठेवलंय, आणि आता त्याच दारात त्याचा पुतळा खुर्चीवर बसवलाय. लेकीला तिथली मुलांची पुस्तकं पुरून उरतील. सासऱ्यांना उबदार जागा आणि वर्तमानपत्र मिळेल.

क्वॉरीत दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असते. पाच किलोमीटर, फुकट, चाललात तरी चालतं. माझ्या इथल्या ओळखी निम्म्याहून जास्त तिथे झाल्या, ऑफिसात नाही. पहिले दोन महिने पळायचं जमलं नाही म्हणून मी नुसता स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून वळणावर उभा राहून टाळ्या वाजवायचो. भाजी-मासे-चहासाठी मार्केट हॉल, मंगळवार ते शनिवारात जा. बाहेरून १९६५ ची ओबडधोबड इमारत, पण आतल्या बाजाराला २०१८, २०२३ आणि २०२४ मध्ये 'ब्रिटनचा आवडता बाजार' हा किताब मिळालाय. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज असतात, तेव्हा एरवी बंद असलेल्या जुन्या वास्तू फुकट उघडतात. सासू-सासरे तेव्हा इथेच असतील.

आपली माणसं? मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, बरीचशी इस्पितळातली. दीड दिवसाचा गणपती एकाकडे बसतो, विसर्जन बादलीत. महिन्याचं वाणसामान आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनहून किंवा बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवरून आणतो, त्याच फेरीत टिव्हिडेलच्या बालाजीचं दर्शन होतं. म्हणजे बर्मिंगहॅम आहेच, पण महिन्यातून एकदा.

एक गोष्ट मात्र घर घेण्याआधी वाचा. ही नदी हिवाळ्यात गावात शिरते. फेब्रुवारी २०२० मध्ये शिरली, पुढच्या दोन्ही वर्षीही आलीच. फ्रँकवेलला काढघालीचे अडसर उभारतात, तरी तिथलं वाहनतळ बुडतं. कोलहॅममध्येही पाणी येतं. आम्हाला पहिलं घर दाखवणाऱ्या एजंटानं पुराचं अवाक्षर काढलं नव्हतं. तळघरात पुस्तकांची खोकी ठेवली आणि डिसेंबरात ती लगदा होऊन बाहेर काढली. तेव्हा जाहिरातीत 'नदीकाठचं सुंदर घर' दिसलं की सरकारी पूर-नकाशावर पिनकोड टाकून बघा, आणि पूर-इशाऱ्यांसाठी फोन नंबर नोंदवा. दोन-तीन पत्ते नक्की झाले की इथेच टाका, पण घरक्रमांक न देता फक्त रस्त्याचं नाव. मी शनिवारी पार्करनहून परतताना बघून सांगतो.